होग्लाच्या हातांवरचे वण

बाबेलच्या बंदिवासातून माणसं परत आली तोवर होग्ला म्हातारी झाली होती. ती पोर असताना शत्रूने यरुशलेमचं मंदिर जाळलं. तिचे आईबाप त्यात गेले. थोरल्या भावाला साखळदंड घालून बाबेलला नेलं आणि होग्लाला कामाची नाही म्हणून मागे टाकलं. तिच्यासारखे मागे राहिलेले कोल्ह्याकुत्र्यांशी भांडत जगले. दर उन्हाळ्यात, मंदिर जळाल्याच्या दिवशी, डोक्यावर राख टाकून ते त्या ढिगाऱ्यावर चढायचे, रडायचे आणि खापरीने हातांवर रेघा ओढायचे. शोक असाच करायचा, एवढंच त्यांना ठाऊक. वेगळं सांगायला मंदिराचा एक याजक तरी उरला होता का? मग होग्ला उठून संदेष्ट्याचं वचन म्हणायची, की देव विखुरलेल्यांना गोळा करील आणि पडलेलं पुन्हा उभं करील. ते ऐकून बायका रक्त पुसायच्या आणि घरी जायच्या.

भाऊ तिकडेच मेला. आला तो त्याचा मुलगा अज्रीकाम, बापासारखाच याजक. होग्लाने त्याला नि त्याच्या बायकोला घरातली खोली दिली आणि आपलं अंथरूण ओसरीत टाकलं. हिवाळाभर जवाच्या भाकरी थापून वाढल्या.

"आत्या, बाबेलात भाकरीत खडे नसायचे हो," सून म्हणायची.

"मग तिथेच चावत बसायचं होतंस गं," म्हणून होग्ला हसायची. तिला राग यायचा नाही. तिचं मागणं एकच होतं. नव्या मंदिराचा पाया घालतील त्या दिवशी याजकांच्या लेकीसुनांत आत उभं राहायचं.

तो दिवस उजाडला. टेकडीभोवती दोरी बांधली होती. आत जाणाऱ्याने कोपरापर्यंत हात धुवायचे, असा नेम. पाणी घालायला मल्कीया नावाचा बाबेलहून आलेला म्हातारा लेवी, मंदिराचा सेवक, होता. होग्लाने बाह्या सारल्या आणि त्याने तांब्या मागे घेतला.

"हे कसले वण?"

"मंदिरासाठी रडले, त्याचे."

"अंग कापून घेतात ते मूर्तिपूजक. आपल्या शास्त्रात मनाई आहे."

"शास्त्र तुम्ही बरोबर घेऊन गेलात, बाबा. आम्हाला कोण सांगणार होतं?"

मागच्या बायका फिसकन हसल्या. मल्कीया हसला नाही. "कुणाची तू?"

"अज्रीकामची आत्या. तो बघा, कर्णा घेतलेला. विचारा की त्याला."

अज्रीकामला बोलावलं. मल्कीया म्हणाला, "ही तुमच्या रक्ताची असेल तर घराण्यालाच बाट लागलाय, कर्णा खाली ठेवा. चौकशी होईस्तोवर तुम्हीही बाहेर."

अज्रीकामने त्या हातांकडे पाहिलं. मग कर्णा काखेत घट्ट धरला. "वडिलांची बहीण लहानपणीच वारली, असं आमच्यात सांगतात. ही घरमालकीण. बाई भली आहे."

"अरे, बापाचं नाक घेऊन फिरतोस नि मला मेली म्हणतोस?"

त्याने तिला बाजूला ओढलं. "आत्या, हळू. आयुष्यभर या दिवसाची वाट पाहिली गं मी."

"आणि मी नाही पाहिली? गोळा करीन असं देव म्हणालाय. ते वचन इथे कुणी जागतं ठेवलं?"

"विखुरलेल्यांना गोळा करीन म्हणालाय, आत्या. तू कुठे विखुरलीस? तू तर इथेच होतीस." पोराला समजवावं तसं तो बोलला आणि आत गेला.

दोरीबाहेर परतवलेल्यांचा घोळका होता. लेकराला पाजणारी एक बाई सरकली. "बस मावशे. इथूनही ऐकू येतं."

"मी तुमच्यातली नाही."

"सकाळी आम्हीही हेच सांगत होतो. ये, सावली आहे."

होग्ला उन्हातच उभी राहिली.

आत कर्णे वाजले. पहिला दगड बसला. जुनं मंदिर पाहिलेले म्हातारे हंबरडा फोडत होते, तरुण आनंदाने ओरडत होते, नि कोण रडतंय, कोण हसतंय ते कळेना. होग्लाने दोन्ही हात आभाळाकडे केले.

"ए बाई!" पहारेकरी खेकसला. "ते हात खाली घे. आतल्यांना दिसतात."

तिने हात खाली घेतले आणि ओढणीत झाकले.