दोन गेला कुठे?

केतकीचा प्रोग्राम जेमतेम दहा ओळींचा, पण त्याने सकाळपासून तिला घाम फोडला होता. काम काय, तर काळ्या स्क्रीनवर सुरुवात, पाऊल आणि शेवट असे तीन आकडे टाइप करायचे, की खाली आकड्यांची रांग छापून यायची. दुपारी चारच्या आत पाठवायचा. सगळ्या चाचण्या पास झाल्या तर नोएडाच्या एका कंपनीत नोकरी. आठ महिने घरी बसलेल्याला हे केवढं वाटतं, ते त्यालाच ठाऊक. त्यातून बाबा महिनाअखेर रिटायर होणार, म्हणजे आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टरही सुटणार.

शून्य ते दहा, एकेक पाऊल टाकत रांग झकास आली. मग शून्य ते दोन, ०.१ च्या पावलाने. रांग १.९ वर थांबली.

"यार, दोन गेला कुठे?" ती करवादली.

तिने आकडे पूर्ण लांबीने छापले आणि बघतच राहिली. मशीनला ०.१ नेमका लिहिताच येत नाही, इवलीशी चूक राहतेच. मागच्या आकड्यात पाऊल मिळवत जाताना वीस पावलांत ती साचून शेवटचा आकडा झाला होता २.०००००००००००००००४. दोनच्या पुढे गेला म्हणून रांगेबाहेर. त्या टोकाच्या चाराने अख्खा दोन ढकलून दिला होता.

रविवार असल्याने बाबा, म्हणजे गुणवंत धोटे, घरीच होते. दोघांचा चहा घेऊन ते तिच्या मागे येऊन उभे राहिले. बत्तीस वर्षं सरकारी सर्व्हेअर, रस्ते आखायला उन्हातान्हात टेप धरून खुंट्या ठोकलेला माणूस. मैत्रिणींनी बाबांच्या कामाबद्दल विचारलं, की केतकी नुसतं "गव्हर्नमेंटमध्ये आहेत" म्हणून विषय बदलायची.

"तू मागच्या खुंटीवरून पुढची मोजतेयस," ते म्हणाले.

"बाबा, हा कोड आहे."

"असू दे की. नवखा असताना मीही तेच केलं. दर खुंटीला केसभर चूक, आणि शेवटची गेली शेजारच्याच्या अंगणात. आधी किती खुंट्या बसतात ते ठरव. मग प्रत्येक शून्यापासून मोज. मागच्या खुंटीचं बिल्कुल ऐकायचं नाही."

केतकीने बेरीज खोडून गुणाकार घातला. विसावी खुंटी म्हणजे वीस गुणिले पाऊल. रांग सरसर उतरली आणि तळाशी दोन येऊन बसला, जसा काही कधी हललाच नव्हता. तिने चहाला हातही लावला नाही. ज्या रस्त्याने ती रोज मेट्रोला जायची, तो या माणसाने शून्यापासून मोजलेला होता, आणि तिला आजवर त्याचं काही वाटलं नव्हतं.

चाचण्या सगळ्या पास झाल्या. चारला पाच मिनिटं होती. फॉर्मच्या शेवटी एक चौकट होती: कोणाची मदत घेतली असल्यास नाव आणि व्यवसाय लिहा. रिकामी सोडली तर कोणाला कळणार होतं? आणि लिहिलं तर नोकरी हुकूही शकत होती.

बाबा स्वयंपाकघरात कप विसळत होते. केतकीने टाइप केलं, "गुणवंत धोटे, सर्व्हेअर. माझे वडील." आणि पाठवून दिलं.