शिकायला आलेले गुरुजी

उत्तमसिंगांनी पाना उचलला, तोच मारोतीनं तो त्यांच्या हातून हळूच काढून घेतला.

"तुमी बसा गुरुजी. हात कायले काळे करता? मी करून राह्यलो ना."

मारोती वणीच्या या कापसाच्या जिनिंगचा मिस्त्री. नेरच्या कारागीर शाळेत उत्तमसिंगांनीच त्याला ऑइल इंजिन खोलायला शिकवलं होतं. आता जिनिंगमध्ये वीज आली होती, इंजिनं भंगारात निघाली होती, आणि येत्या सत्रापासून शाळेतही विजेच्या मोटरी शिकवायच्या होत्या. म्हणून पन्नाशीच्या उत्तमसिंगांना शाळेनं महिनाभर इथं धाडलं होतं.

पण त्यांना शिकवायला कोणी धजत नव्हतं. ते जवळ गेले की कामगार बोलणं थांबवत, बिड्या विझवत. कपाशीच्या धुळीत ते हात मागे बांधून दिवसभर उभे राहत. संध्याकाळी भाड्याच्या खोलीत एकट्यापुरत्या भाकरी थापत. बायको, रामीबाई, गेल्यापासून त्याची सवय झाली होती. पण नेरला निदान शेजारून आपली बंजाऱ्यांची गोरबोली कानी पडे. इथं ते कधी स्वतःशीच त्या बोलीतली दोन वाक्यं बोलत.

"मारोती, मले पाह्याले नाही धाडलं," एकदा ते म्हणाले. "शिकाले धाडलं."

"शिकसान ना गुरुजी. तुमाले काय अवघड हाय?"

असा महिना सरत आला. एका दुपारी एक मोटर घरघरायला लागली. मारोतीनं बटण दाबून ती बंद केली आणि हत्यारं आणायला वळला. पट्टा थांबला. उत्तमसिंगांनी कान देऊन ऐकलं. आयुष्यभर त्यांनी हाताळलेली इंजिनं थांबली की थांबलेलीच असत. त्यांनी स्टार्टरचं झाकण काढलं आणि आतल्या तारेकडे बोट नेलं.

मनगटावर फटका बसला.

"हात काढ बे! मरतं का? मोटर बंद झाली म्हणून वीज गेली का? मेन स्विच चालू हाय ना अजून!"

सगळे इकडे पाहू लागले. मारोतीचा चेहरा पांढराफटक पडला. आधी भीतीनं, मग आपण काय बोललो ते उमजून. तो वाकून उत्तमसिंगांच्या पाया पडला.

"चुकलं गुरुजी. तोंडातून निघून गेलं."

उत्तमसिंग लाल झालेलं मनगट चोळत होते. त्यांनी दंडाला धरून त्याला उठवलं.

"आधी काय करा लागते, ते सांग."

"आधी मेन स्विच पाडाचा. मंग फ्यूज काढाचे. पण तुमी राहू द्या, मी करतो…"

"नाही. मघाशी बोलला ना, तसाच बोल."

मारोतीनं बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली.

"स्विच पाड," तो हलक्या आवाजात म्हणाला.