चौतीस ओळींचा कागद

बायडाबाईंची नात कॉम्प्युटरात होती, पण कागदावर नव्हती. आणि कागदावर नसलेल्या पोरीला सरकारी ताट मिळत नाही.

कचेरीतल्या कंत्राटी ऑपरेटर अजिनाथनं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: अडतिसावी, सृष्टी भिमाजी बटुळे, इयत्ता तिसरी, माळेवाडी. मग छापलेली यादी पुढं धरली. तिथं चौतिसावं पोर संपलं की थेट साहेबांच्या सहीची जागा.

"मंग कागद खोटा, का तुझं डबडं खोटं?" बायडाबाईंनी विचारलं.

"दोनी खरं हाय, मावशी. पन मास्तर कागद बघतो."

आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहणाऱ्या पोरांसाठी शाळेत वसतिगृह चालायचं. यादीत नाव असेल तर सहा महिने जेवण, अंथरूण आणि शाळा. नसेल तर पोर आईबापाबरोबर फडात. सृष्टीच्या घरची टोळी शुक्रवारी ट्रक भरून राहात्याकडं निघणार होती, धाकट्याला सांभाळायला बायडाबाईही जाणार होत्या, आणि आज बुधवार होता. अजिनाथनं स्वतःची तिसरी चार फडांवर, पाचटाच्या खोपीत काढली होती. अजून त्याला सातचा पाढा धड येत नव्हता. म्हणून तर तो कॉम्प्युटर शिकला.

घोळ पोरांचा नव्हताच. घोळ होता डोक्याचा, म्हणजे कागदाच्या डोक्याचा. वर बोधचिन्ह, त्याखाली घोषवाक्य, मग अभियानाचं लांबलचक नाव, मग मार्गदर्शकांची रांग. एवढं सगळं डोक्यावर घेऊनही मागच्या वर्षी चाळीस पोरं मावली होती, वर एक ओळ शिल्लक. यंदा साहेबांनी तिथं स्वतःचा हात जोडलेला फोटो बसवायला लावला. फोटोनं सात ओळी गिळल्या आणि खालची सहा पोरं कागदावरून पडली. पडताना आवाज झाला नाही, त्यामुळं कुणाला कळलंही नाही. बाकी पाच घरांना तर अजून पत्ता नव्हता.

दुसरं पान काढायची सोय नव्हती. मागं साहेबांच्या व्याह्यानं, तोही साहेबच, दोन पानी यादीवर सही केली होती. दुसऱ्या पानावर नुसती सही आणि वर मोकळी जागा. कुणीतरी त्या जागेत अकरा नावं छापून घेतली आणि व्याही निलंबित होऊन घरी बसला. तेव्हापासून साहेबांचा दंडक होता, यादी एकाच पानाची. अक्षर बारीक करावं तर साहेबांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, आणि चष्मा लावला की वय दिसत होतं.

तरी अजिनाथ आत गेला. फोटो जरा लहान करू का, म्हणून विचारलं. साहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जसं काही त्यानं त्यांचा हातच कापायला मागितला.

"पोरं कॉम्प्युटरमध्ये आहेत ना? मग झालं. माहिती पूर्ण आहे, प्रिंट फक्त आटोपशीर आहे."

पुढं साहेबांनी सहज आठवण दिली की अजिनाथच्या अकरा महिन्यांच्या नेमणुकीचा कागदही ह्याच टेबलावर पडून आहे.

अजिनाथ बाहेर आला. बायडाबाई बाकावर भाकरीचं फडकं सोडून बसल्या होत्या. त्यांनी अर्धी त्याच्यापुढं केली. त्यानं ती खाल्ली, हात पुसले आणि खुर्चीत बसला. चार वर्षांत एक गोष्ट त्यानं पक्की पाहिली होती. साहेब कागदाचं डोकं वाचतात आणि पायाशी सही करतात. मधल्या अंगाकडं त्यांची नजर कधी गेलेली नाही.

त्यानं मार्गदर्शकांच्या रांगेत शेवटी एक नाव चिकटवलं: मा. सृष्टीताई बटुळे. छापलं आणि आत नेऊन ठेवलं.

साहेब वरून वाचत आले आणि त्या नावाशी अडकले. ही बाई कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण तसं कबूल करणं म्हणजे आपण वरच्या वर्तुळात नाही असं सांगण्यासारखं. अजिनाथ उभाच राहिला. तो एक शब्दही खोटा बोलला नाही. त्याला बोलावंच लागलं नाही.

"ताईंचं नाव असं कोपऱ्यात कोंबतात का?" साहेब म्हणाले. "परवाच भेट झाली त्यांची. स्वतंत्र ओळ द्या. ठळक."

"देतो साहेब. पन एक ओळ वाढली की तुमची सही दुसऱ्या पानावर जाती."

दुसरं पान म्हटल्यावर साहेबांना व्याही दिसला. त्यांनी फोटोकडं पाहिलं, नावाकडं पाहिलं, परत फोटोकडं पाहिलं.

"फोटो काढा," ते म्हणाले. "कामापुढं माणूस मोठा नसतो."

दहा मिनिटांत नवा कागद आला. डोक्यावर सृष्टीताई ठळक, मधे चाळीसच्या चाळीस पोरं, त्यात अडतिसावी पुन्हा सृष्टी, आणि पायाशी साहेबांची सही. एकच पान.

गुरुवारी वसतिगृह उघडलं. सकाळची पंगत उठली तरी मार्गदर्शक ताई येईनात. मुख्याध्यापक शाल-नारळ घेऊन फाटकाशी ताटकळले. शेवटी बायडाबाईंनी नातीला दंडाला धरून पुढं केलं.

"ही काय तुमची ताई. कागदावर हाय का न्हाई बघा."

मुख्याध्यापकांनी कागद दोनदा वाचला. सहीचा कागद चुकीचा म्हणायचा तर वर लिहून कळवावं लागलं असतं आणि खुलासा त्यांच्याच गळ्यात आला असता. त्यांनी शाल तिच्या खांद्यांवर घातली, ती पायापर्यंत लोळली. नारळ हातात दिला. आणि रीत म्हणून, मान खाली घालून, दोन शब्द मार्गदर्शन करायची विनंती केली.

सृष्टीनं नारळ सावरला.

"वरनात पानी लई हुतं," ती म्हणाली.