दुसरं भांडं

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझ्या वेण्या घालण्यापासून माझं लग्न जमवण्यापर्यंत सगळं तिनंच निस्तरलं. 'निस्तरलं' हा शब्द तिचाच. धाकटी म्हणजे जन्मभराचं निस्तरणं, असं ती चारचौघांत माझ्याकडे बघून हसत सांगायची.

तिच्या केकला तोड नव्हती. गल्लीतल्या किती पोरांचे वाढदिवस तिच्या ओव्हनमधून निघाले, त्याची गणती नाही. मी मात्र स्वयंपाकात यथातथाच. लग्नानंतर ह्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात नुसती सोबत म्हणून बसायला लागले आणि बघता बघता हातात मीटर आलं. इस्त्र्या, मिक्सर, ओव्हन उघडण्यात चाळीस वर्षं गेली. हे गेल्यावरही लोक 'बाईंनाच दाखवा' म्हणत यायचे.

अक्का ऐंशीला टेकली त्या वर्षी तिचे केक करपायला लागले. एकदा चष्मा साखरेच्या डब्यात सापडला होता, एकच गोष्ट ती दोनदा सांगायची, आणि त्यात हे. भाचीचा फोन आला.

"मावशी, तू एकदा ओव्हन बघून जा. त्याच्यातच बिघाड असेल तर विषय संपला. नसेल तर मी आईला माझ्याकडे नेणार. एकटीला ठेवायला जीव धजत नाही."

मी पिशवी घेऊन गेले. भाची आधीच येऊन बसली होती. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"आली का मेकॅनिकीण? आधी चहा की आधी पाना?"

"आधी पाना."

"मग ऐक. केकचं पहिलं भांडं छान उतरतं. दुसरं दगा देतं. दर वेळी दुसरंच."

"दुसऱ्यापर्यंत तू दमतेस, अक्का. घड्याळाकडे लक्ष राहत नाही."

"अगं, हल्ली मी घड्याळापुढेच खुर्ची टाकून बसते."

मी हसले आणि ओव्हन भिंतीपासून ओढला. आत, मागच्या बाजूनं पेन्सिलीएवढी एक सळई डोकावते. तोच सेन्सर. आतली उष्णता वाढेल तसा त्याचा आकडा चढतो, आणि त्यावरून ओव्हन ठरवतो की आता पुरे. गार असताना मीटरवर एक हजार ऐंशीच्या आसपास यायला हवं. आलं एक हजार ब्याऐंशी. तारा बघितल्या, जोड हलवून बघितले. दहा मिनिटांत काम झालं.

"ठणठणीत आहे," मी म्हटलं.

भाचीनं मान खाली घातली. अक्कानं मीटरवरचा आकडा वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"नक्की?"

"आकडा समोर आहे की."

तिनं फडक्याला हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. "म्हणजे मीच," ती म्हणाली.

"वय झालं की होतं असं," मी म्हटलं आणि पिशवी आवरली.

महिन्याभरात तिचं घर रिकामं झालं. भाचीकडे जागा नव्हती म्हणून ओव्हन माझ्याकडे आला. तिकडे अक्का सुरुवातीला गॅस पेटवण्याआधी विचारायची, पुढे तिनं स्वयंपाकघरात जाणंच सोडलं. जेवण झाल्यावर लेकीला विचारायची, "माझं जेवण झालं ना गं?" झालेलं तिच्या लक्षात असायचं. त्यावर तिचा भरवसा उरला नव्हता.

आठ महिन्यांनी नातीच्या शाळेसाठी मी दोन केक करायला घेतले. पहिला बरा झाला. दुसरा, तेवढ्याच वेळात, काळा कोळसा. मी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं, आणि तिथेच स्टुलावर बसले.

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. आत काट्याचं थर्मामीटर टांगलं, ओव्हन एकशे ऐंशीवर लावला आणि बसून राहिले. काटा एकशे ऐंशीला पोचला आणि तासभर तिथून हलला नाही. त्यानंतर चढायला लागला. दोनशे. सव्वादोनशे. त्याच्याही पुढे. प्लग काढून मागच्या जोडाला मीटर लावलं. इतक्या उष्णतेला आकडा अठराशेच्या पुढे हवा. तो सोळाशे-सतराशेमध्ये नाचत होता. बराच वेळ तापला की सेन्सर आतून शॉर्ट होऊन आकडा कमी दाखवत होता, आणि ओव्हन समजत होता की अजून पुरेसं तापलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार असताना, पुन्हा एक हजार ब्याऐंशी.

दुकानात ह्यांचा दंडक होता. गिऱ्हाईक बिघाड जसा सांगेल, तसाच तो आपल्यापुढे घडवून बघायचा. परक्या बाईनं 'दुसरं भांडं करपतं' म्हटलं असतं, तर मी दोन तास ओव्हन तापवून बघितला असता. अक्काच्या बाबतीत मी उत्तर घरूनच घेऊन गेले होते.

नवा सेन्सर बसवला. जुना रुमालात गुंडाळून भाचीकडे गेले. अक्का खिडकीपाशी बसली होती. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काहीही न वगळता. तिनं सळई हातात घेऊन फिरवून बघितली.

"एवढीशी?" ती म्हणाली, आणि हसली. "लहानपणीही तू असंच करायचीस. माझ्या हातून दूध सांडलं की बाबांना सांगायचीस, 'मीच धक्का दिला.'"

"अक्का, हे खरं आहे. चूक माझी झाली. तुझं बरोबर होतं."

"असू दे गं. माझ्यासाठी खोटं बोलणारी तू एकटीच उरलीस."

"चल माझ्याबरोबर. दोन भांडी लाव, मी शेजारी बसते. तुझ्या डोळ्यांनी बघ."

"आणि पुन्हा करपलं तर?"

"नाही करपणार."

"नको," ती हळूच म्हणाली. तिनं सळई रुमालात नीट गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि माझी बोटं त्यावर मिटली.

भाचीनं चहा आणला. कप अक्काच्या हातात होता, वाफ तिच्या तोंडावर येत होती. तिनं लेकीकडे बघून विचारलं, "गरम आहे का गं?"