काचेवरचा आकडा

माझा नवरा वेंडेल चर्चमधला मोठा मानकरी, आणि त्याच्या मते मी दर शनिवारी खोटं बोलते. तेही पांढऱ्या बूटपॉलिशने, गाडीच्या काचेवर, अर्ध्या टेनेसीला वाचता येईल अशा अक्षरात.

आमच्या शर्यतीच्या पट्टीवर दोन-दोन गाड्या धावतात, सरळ फर्लांगभर. आपली गाडी किती सेकंदांत पोचेल तो आकडा प्रत्येकाने आधी काचेवर लिहायचा. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढे सेकंद हळू गाडीला आधी सोडतात. पहिला पोचेल तो जिंकला. पण लिहिलेल्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. म्हणून तर माझा खटारा पिकअप आणि वेंडेलची चकचकीत निळी गाडी शेजारी उभ्या राहू शकतात.

माझा पिकअप आठ चाळीसला पोचतो, म्हणजे आठ सेकंद आणि वर चाळीस शतांश. मी लिहिते आठ पन्नास. तेवढी सवड पदरात ठेवायची, शेवटी शेजारच्यावर नजर ठेवून लागेल तेवढा ब्रेक दाबायचा, आणि त्याच्या नाकभर पुढे राहून रेघ ओलांडायची. याला आमच्याकडे ‘पोती टाकणं’ म्हणतात, गाडीत वाळूची पोती भरल्यासारखी ती हळू जाते म्हणून. नियमात बसतं. वेंडेलच्या मनात बसत नाही. तो जेवढी धावते तेवढंच लिहितो आणि शेवटपर्यंत पाय दाबून जातो.

अकरा वर्षं मी कप घरी आणतेय, आणि अकरा वर्षं तो म्हणतोय, “छान. ब्रेक जिंकला.” तू चांगली चालवलीस, एवढं एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं मला. बाकी संसारात माझी काही तक्रार नाही. माणूस चांगला आहे, फक्त हट्टी.

यंदा मोसमाच्या शेवटच्या शनिवारी अंतिम फेरीत आम्ही दोघंच उरलो. असं कधी झालं नव्हतं. सगळी पट्टी खूश. आमचा मित्र ओडेल दोन गाड्यांच्या मधे उभा राहून सँडविच खात होता.

“मिस व्हर्ना, आज घरी स्वयंपाक कोण करणार?”

“हरेल तो.”

“मग वेंडेल, आतापासूनच बटाटे सोलायला बस रे बाबा!”

वेंडेल हसला. मी मात्र त्याच्या काचेकडे बघत होते. ऊन डोंगरामागे गेलं होतं, वारा गार झाला होता. गार हवेत इंजिन जास्त ओढतं. मी माझा आकडा पुसून नवा लिहिला होता. त्याचा अजून दुपारचाच होता, सात वीस. म्हणजे हा बाद होणार, आणि कप आयता माझ्या हातात येणार. गप्प बसले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. पण असला कप घेऊन काय करायचं? मी खाली उतरले.

“वेंडेल, हवा गार झालीय. सात पंधरा लिही.”

त्याने आधी काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे. “म्हणजे तुला आणखी आधी सोडतील. वा गं वा!”

“अरे, खरं सांगतेय.”

“काचेवर लिहितेस तसलंच खरं ना?”

असं झोंबलं म्हणून सांगू! मी परत जाऊन पिकअपमध्ये बसले.

हिरवा दिवा लागला, मी निघाले. अर्धं अंतर गेल्यावर आरशात निळं नाक दिसलं, ते नको तेवढ्या भराभर वाढत होतं. आता हा बाद, असं मनात येतंय तोच त्याच्या चाकांतून धूर निघाला. वेंडेलने ब्रेक मारला होता! जन्मात पहिल्यांदा, आणि फार जोरात. मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरासा उचलला आणि अर्ध्या चाकाने पुढे रेघ ओलांडली. त्याची वेळ लागली सात सव्वीस. बाद झाला नव्हता तो. हरला होता.

पट्टीच्या टोकाला तो चालत माझ्या खिडकीशी आला. टोपी हातात, चेहरा लाल.

“तू खरं सांगत होतीस,” तो म्हणाला.

“हो.”

“मधेच कळलं, गाडी भलतीच ओढतेय. बाद होणार. मग मारला ब्रेक. मुद्दाम हळू झालो मी, व्हर्ना.”

“मग?”

“मग काय! जमलं नाही.” कोणी ऐकत नाही ना, हे त्याने मागे वळून पाहिलं आणि खिडकीत वाकला. “किती दाबायचा, ते तुला कळतं कसं गं?”

अकरा वर्षं मी दुसरंच काहीतरी ऐकायची वाट बघत होते. हे त्याहून कितीतरी बरं होतं. मी दार उघडलं आणि स्टीअरिंगसमोरची जागा त्याला दिली.

“बस,” मी म्हटलं. “सांगते.”