शालूच्या वजनाचा गूळ

आमची शालू नऊ वर्षांची होती, अन् दारात उभी राहिली की दार भरून जाये. मले लई कौतुक वाटे. वाटणारच बाप्पा! उत्तमची, म्हणजे माह्या धाकट्या भावाची, पहिली दोन लेकरं काडीवानी होती, अन् दोन्ही गेली. म्हणून शालू झाली तशी मी अंबादेवीले नवस बोलली. दर नवरात्रात पोरीच्या वजनाचा गूळ वाहीन, अन् मागच्या सालापेक्षा कमी होऊ देणार नाई.

नवरा गेल्यावर मी माहेरीच राहायले आली होती. नांदगाव पेठेत भावाचा भाजीचा मळा. माही भावजय सत्यवती दिवसभर त्याच्या संग वांगी-मिरच्या तोडे, अन् पोरगी माह्या हवाली. सकाळी तुपात भिजलेली गूळपोळी, दुपारी शिरा, मधात भूक लागली तं मिठातल्या कैऱ्या. मळ्यात जाऊ देत नव्हती, ऊन लागीन म्हणून. देवीचा गूळ कमी पडला तं पोरगी हातची जाईन, हेच माह्या डोक्यात.

त्याच साली चैत्रात उत्तमचं डोकं दुखून राहिलं होतं. नाकातून रक्त आलं, तवा अमरावतीहून वामनराव डाक्टर टांग्यानं आले. नागपूरले शिकलेला हुशार माणूस. त्याईनं दंडाले पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, काचेच्या नळीत पारा चढला. "रक्ताचा दाब वाढलाय," म्हणाले.

शालू बाजूलेच. "मले बी बांधा ना!"

डाक्टर हसले अन् तिच्या दंडाले पट्टा बांधला. पारा पाहता पाहता त्याईचं हसू गेलं. पोरीले पाणी पाजलं, जरा वेळ निजवलं अन् पुन्हा बांधला.

"बाई, हिचाही वाढलेला आहे. एवढ्याशा वयात!"

"नजर लावून राहिले काय माह्या लेकराले?" मी भडकली. "खात्यापित्या घरची पोट्टी आहे!"

"त्या खाण्यानंच झालंय. एक तर बापाचं रक्त, वर हे वजन. आज तिचं काही दुखत नाही, पण असंच राहिलं तर मोठेपणी हृदय दमेल. यावर औषध नाही माझ्याजवळ. तूप-मीठ कमी करा, पोरीला मळ्यात पळू द्या."

ते गेल्यावर मी चुलीपुढं बसून रडली. कमी खाऊ घालावं तं देवी कोपीन, जास्त घालावं तं हे असं.

सत्यवती जवळ येऊन बसली. "बाई, तुमाले गूळ पाहिजे का शालू?"

अशी बोलत नाई ती कधी. मी उठली अन् कैऱ्यांची बरणी शेजारणीले देऊन आली.

मंग शालू मळ्यात जाऊ लागली. बापासंग पाटाचं पाणी वळवे, बकऱ्यांमागं धावे. जेवताना "आत्याबाई, अजून एक पोळी" म्हणे तं माहा जीव तुटे. पण वाढली नाई. भादव्यात डाक्टरांनी पट्टा बांधला, तं पारा खाली आलेला. मले हसू बी आलं अन् भेव बी वाटलं, कारण पुढं नवरात्र होतं.

देवळाबाहेर दुकानदाराचा मोठा काटा होता. एका पारड्यात मागच्या सालाएवढ्या गुळाच्या भेल्या ठेवल्या, दुसऱ्यात शालू बसली, अन् पोरगी चालली वर! "अव माय, वाळली का हो पोरगी?" एक बाई म्हणे.

"दोन भेल्या उतरवा," दुकानदार म्हणाला.

"हात लावशीन तं पाहून घे!" मी ओरडली. अन् पदरानं डोळे पुसू लागली.

शालूनं वरून पाहिलं. "आत्याबाई, रडून काहून राहिली? तू ये ना माह्या संग!" असं म्हणून तिनं माहा हात धरला, अन् भावानं मले मागून पारड्यात बसवलं.

पारडं धाडकन भुईले! दुकानातल्या भेल्या संपल्या, तवा उत्तमनं गाडीतून वांग्यांची पाटी आणून ठेवली. बाया पदर तोंडाले लावून हसत होत्या. देवीले मागच्या सालापेक्षा कितीतरी जास्तच पोचलं.

शालू माह्या मांडीवर बसून कानात म्हणे, "आत्याबाई, तू तं लई जड आहे. उद्यापासून तू बी बकऱ्यांमागं धावजो."

"धावीन व माय," मी म्हटलं, अन् तिले पोटाशी धरलं.