उतरत्या चंद्राचा खांब

मी कुंपणाचा खांब बोलतोय. खांब म्हणावं की झाड, हे मला इतक्या वर्षांत नक्की ठरवता आलेलं नाही. इकडे निकोयाच्या डोंगरांत माझ्या जातीला मादेरो नेग्रो म्हणतात, तुमच्याकडे गिरीपुष्प. आमची फांदी तोडून जमिनीत रोवली की तिला मुळं फुटतात. मग तार धरून ठेवता ठेवता आम्ही पानांवर येतो, फुलतो, म्हातारे होतो.

मला रोवलं इसाउरो मातार्रितानं. डोंगरावर जंगल परत आणणाऱ्या संस्थेत तो मदतनीस होता. गवत कापणं, रोपं लावणं, वणवा अडवायला पट्टा साफ करणं, ही त्याची कामं. डावखुरा माणूस. त्याच्या कोयत्याचा घाव नेहमी उलट्या बाजूला उतरतो. माझ्या बुडाला तो पहिला तिरपा घाव आहे, म्हणजे होता.

त्यानं मला चैत्रातल्या उतरत्या चंद्रात तोडलं. चढत्या चंद्रात लाकडात रस चढलेला असतो, खांब किडतो, असं इथली माणसं मानतात. खरं-खोटं मला सांगता येणार नाही. मी रुजलो एवढं खरं.

आम्ही चाळीस जण दोन-दोन वाव अंतरावर एका ओळीत उभे राहिलो. आमच्या वरच्या अंगाला एक झरा होता, गुरांच्या खुरांनी चिखल झालेला. खालच्या अंगाला डॉन अदेल्सो ब्रिसेन्योचं गुरांचं रान; डॉन म्हणजे इकडचं मानाचं 'राव'. संस्थेला ही जमीन देणाऱ्या म्हातारीनं मरताना सांगितलं होतं, झरा जंगलाकडे राहू द्या. तेवढ्यासाठी आम्ही होतो.

सात वर्षं इसाउरो दर महिन्याला यायचा. कमरेएवढं गवत कापून रोपांभोवती थाळं करायचा. आपोआप उगवलेलं रोप दिसलं की तिथे काठी रोवून तिच्यावर चिंधी बांधायचा, चुकून कोयता लागू नये म्हणून. जेवायची वेळ झाली की केळीच्या पानात बांधलेला भात-घेवडा उघडायचा आणि माझ्याच बुंध्याला पाठ टेकायचा. कधी कधी बोलायचा माझ्याशी. निदान मला तसं वाटायचं. झऱ्याचं पाणी स्वच्छ झालं. वानरं आली. त्या सुखाचा मी स्वतःला एक हिस्सेदार समजत होतो.

मग त्याच्या हाताखाली नोइलिन आली. तिशीची, दोन लेकरांची आई, तोंडाची फटकळ. पहिल्याच वर्षी तिनं एकटीनं बारा खांब तोडून आणले आणि रोवले. बाराही कुजले.

"चंद्र बघितलास का गं?" इसाउरोनं विचारलं.

"डॉन इसाउरो, मी खांब रोवत होते. लग्नाचा मुहूर्त नव्हते काढत."

"मुहूर्त काढला असतास तर नवरा तरी टिकला असता."

ती इतकी हसली की खाली बसली. त्यानंतर मात्र तिनं चंद्र कधी चुकवला नाही. एकदा तिनं विचारलंही, "तुम्ही कधीच चुकला नाहीत?" तो म्हणाला, "घाई केली असती तर चुकलो असतो. घाई माणूस कधी करतो? चोरी करताना."

हे वाक्य मी फार वेळा आठवून पाहिलंय.

गेल्या नोव्हेंबरात नोइलिनची आई आजारी पडली आणि ती दोन महिने राजधानीला गेली. ती गेली त्याच आठवड्यात अदेल्सो घोड्यावरून आला. तो इसाउरोच्या लेकीचा धर्मपिता, बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेला बाप, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. तिच्या बाळंतपणात नदीला पूर होता, तेव्हा यानंच आपला ट्रक पाण्यात घालून तिला दवाखान्यात पोचवली होती. सगळ्या गावाला ते माहीत आहे.

"कोंपाद्रे, पंधरा पावलं," अदेल्सो म्हणाला. "फक्त पंधरा. उन्हाळ्यात माझी गुरं पाण्यावाचून तडफडतात."

"झरा येतो त्यात."

"येतो म्हणूनच मागतोय. तुमची नात केवढी झाली हो आता?"

एवढंच. दुसरं काही बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. कदाचित झालंही असेल.

तीन दिवसांत इसाउरोनं पंधरा पावलं वर, झऱ्याच्या पलीकडे, नवे खांब रोवले. आमच्या अंगावरची तार उपटून तिकडे ठोकली. चंद्र चढता होता. त्यानं वर पाहिलंही नाही. मग तो आमच्याकडे वळला आणि प्रत्येकाच्या बुंध्याभोवती कोयत्यानं सालीचं कडं काढलं, वीतभर रुंद. साल गेली की झाड उपाशी मरतं. सावकाश मरतं, आवाज होत नाही. माझ्यापाशी आला तेव्हा त्याची पाठ रोजच्या जागी टेकली नाही, एवढाच फरक.

नोइलिन जानेवारीत परतली. नव्या ओळीपाशी जाऊन तिनं एक खांब नखानं खरवडला. आत भुसा. दुसरा, तिसरा, सगळे तसेच.

"हे कोणी रोवले?"

"तार पहिल्यापासून तिथेच आहे," इसाउरो म्हणाला.

ती खाली आली, माझ्यापाशी. कड्याच्या काठावरून तिनं बोट फिरवलं. घाव उलटा उतरलेला.

"डॉन इसाउरो, या गावात डावखुरे किती?"

त्यानं कोयता पाठीमागे धरला.

"सांगा की! मला चंद्र शिकवलात, आता हेही शिकवा."

"त्यानं माझी लेक वाचवली, पोरी."

"मग तुमचं घर द्यायचंत. झरा तुमचा होता का?"

नोइलिनच्या तक्रारीवरून फेब्रुवारीत जमिनीच्या कचेरीतला माणूस मोजणीला आला. गावातली माणसंही आली. त्यानं सगळ्यांसमोर इसाउरोला विचारलं, कारण इतकी वर्षं या डोंगरावर तोच राबलेला. त्याचा शब्द म्हणजे शेवटचा.

मी थांबून होतो. झाडानं आशा करू नये, पण केली.

"तार आहे तिथेच हद्द," इसाउरो म्हणाला. माझ्याकडे पाठ करून म्हणाला.

नोइलिननं त्या माणसाला दंडाला धरून वळवलं. "साहेब, ते बघा!"

आम्ही फुललो होतो. मरायला टेकलेलं झाड जास्त फुलतं म्हणतात. चाळीस झाडं गुलाबी, आता गुरांच्या रानात पडलेली, दोन-दोन वाव अंतरावर, दोरीसारखी सरळ.

"देवानं लावलेलं रान असं रांगेत उभं राहतं होय?" ती म्हणाली. गर्दीतून कुणी तरी हसलं. अदेल्सो नाही.

कचेरीतल्या माणसानं डोकं खाजवलं. "फूल कापलेल्या फांदीलाही येतं. पावसाळ्यात परत येतो. या ओळीला पालवी असली तर जुनी हद्द हीच. नसली, तर ही वाळलेली लाकडं."

तेव्हा मला माझ्याबद्दलची एक गोष्ट कळली. जंगलाकडच्या अंगाला, दोन बोटं रुंदीची सालीची पट्टी इसाउरोनं सोडली होती. माझ्यावर, आणि बहुतेक सगळ्यांवरच. त्या पट्टीवरून रस वरखाली चालू होता. ती दया होती की हात थकला होता? डावखुऱ्याला त्या बाजूनं वळता येत नसेल. मी यावर इतका विचार केला आहे की आता दोन्ही उत्तरं मला खोटी वाटतात. नुसतं मारलं असतं तर निदान राग कुठे ठेवायचा ते कळलं असतं.

मार्च सरता सरता आमच्या टोकांवर कोंब दिसू लागले. अदेल्सोला ते दिसायला वेळ लागला नाही.

काल सकाळी इसाउरो आला. हातात कोयता आणि डिझेलचा डबा. आता तो संस्थेत नाही, अदेल्सोची गुरं राखतो. पहिल्या झाडापासून सुरुवात केली. पट्टी कापायची, उघड्या लाकडाला आणि मुळाला डिझेल चोळायचं, पुढे. माझ्यापाशी पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. तो खाली बसला. जुन्या जागी पाठ टेकून बसला, डोळे मिटून. मला वाटलं, आता उठेल आणि डबा ओतून देईल.

उठला. "नात आजारी आहे," एवढं म्हणाला, आणि पट्टी कापली.

कोणाला सांगितलं त्यानं ते? मला? मी खांब आहे.

आता माझं बूड मेलंय. डिझेल मुळांत उतरतंय, ते मला कळतंय. पण वरच्या फांद्यांत रस अजून आहे, आठवडाभर राहील. आणि एक गोष्ट इसाउरो विसरला असेल, किंवा नसेल, मला विचारू नका. चंद्र उतरता आहे.

नोइलिन, अमावस्येला तीन दिवस उरलेत. गुरं संध्याकाळी खाली जातात, तेव्हा ये. आमच्याच शेंड्याकडच्या मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्या घे, वाळक्या नकोत. बुडाला तिरपा घाव घाल. उजव्या हातानं घाल. आणि याच ओळीत, आमच्या मेलेल्या बुंध्यांना लागून रोव. पावसाळ्यात तो कचेरीतला माणूस येईल तेव्हा त्याला पालवी दिसायला हवी. ती कुणाची, हे तो विचारणार नाही.

माझ्या बुंध्याला पाठ टेकून बसू नकोस. लवकर ये.